‘जड आहे ती, उडतेय कशाला?’

‘३५ किलोची होडी आहे हो, स्वतःच्या वजनानंच बसते टपावर. वरून एक दोरी आवळली की झालं.’ पोरांना शर्यतींना घेऊन जाणाऱ्या इतक्या बापांकडून मी हे ऐकलंय, की आता सरळ हिशेबच मांडतो.

ऑप्टिमिस्ट ही १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची शिडाची होडी. लांबी सुमारे २.३ मीटर, रुंदी १.१, डोलकाठी, शीड, सुकाणू वगळून वजन ३५ किलो. टपावर पालथी घातली की वाऱ्याला जवळजवळ दोन चौरस मीटरचा पसारा मिळतो. ताशी ८० किमीला हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलोचा, म्हणजे एकूण ६०. सगळा दाब होडी वर उचलत नाही, मान्य. पण निम्म्याहून थोडा जास्त उचलायला लागला, तरी तुमचे ३५ किलो संपले. ‘गावात काहीच हललं नाही’ हा पुरावा नव्हे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. द्रुतगती मार्गावर १०० ला काय होईल, ते तुम्हीच काढा. वाऱ्यावर होडी पळवायला पोराला शिकवणाऱ्यांना वाऱ्याचा जोर समजावावा लागतो, याला काय म्हणावं!

म्हणून कॅरियरच्या दोन्ही दांड्यांवर एकेक पट्टा, शिवाय होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून गाडीच्या ओढकडीपर्यंत एकेक दोर. पुढचा दोर सर्वांत महत्त्वाचा, कारण वारा आधी तेच टोक उचलतो. प्लॅस्टिकच्या बंपरला बांधू नका.

आता पुढचा प्रश्न. पट्टे होडीला कॅरियरशी बांधतात. पण कॅरियरला गाडीशी कोण धरतंय? टपावरच्या चकचकीत रेल वजन घेतातच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर त्या निव्वळ शोभेच्या असतात. गाडीचं माहितीपुस्तक उघडा. टपाची वजनमर्यादा तिथे असते आणि कॅरियरचं वजनही त्यातच धरायचं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘रॅचेटनं करकचून आवळा’: फायबरला तडा जातो, साधा बकलचा पट्टा पुरतो. ‘नायलॉन मजबूत’: मजबूत खरं, पण ताणतं, आणि भिजलं की जास्तच. ‘सुलटी ठेवली की चढवायला सोपी’: एका पावसात तिचं घंगाळ होतं, दहा सेंटिमीटर पाणी साचलं तरी शंभरावर किलो. ‘लेझर ही होडी तर टपासाठीच बनवली’: हे खरंय, ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये ती त्याच विचारानं रेखाटली. पण समोर उत्तर अमेरिकेतल्या लांबलचक गाड्या होत्या, कर वाचवायला चार मीटरच्या आत बसवलेल्या आपल्या गाड्या नव्हेत. लेझर ४.२ मीटर लांब आहे.

पट्टे पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांतच सैल पडतात. तेव्हा फूडमॉलपर्यंत वाट पाहू नका. आधीच गाडी सुरक्षित जागी थांबवून पट्टे हातानं ओढून पाहा. वडापाव नंतर.