एक कर, दोन आकडे

बीदरनजीक कोळारच्या औद्योगिक वसाहतीत ज्या मराठी कुटुंबांचे लहानसे कारखाने आहेत, त्यांची सोयरीक आणि गिऱ्हाइके उदगीर-निलंग्याकडे असली तर त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते वेगळे झाले. त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकराचा कायदा संमत झाला आणि घरोब्याचा व्यवहार ‘आंतरराज्यीय’ ठरला. पुढची सहा दशके ‘सी’ फॉर्म आणि नाके यांत गेली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके उठले आणि सीमाच पुसली गेली, असा समज पसरला. कराचा दर एक झाला हे खरे. परंतु नोंदणी राज्यवारच राहिली. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे कर्नाटकात २९, महाराष्ट्रात २७.

या दोन आकड्यांतील अंतर लहान माणसालाच अधिक जाणवते. कोळारचा कारागीर लोखंडी कपाटे कर्नाटकातच विकत असेल, तर वार्षिक उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत त्याला नोंदणी करावी लागत नाही. एकच कपाट उदगीरला विकून पोचवले, की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची! शिवाय अल्प दराने ठोक कर भरण्याची सवलतही त्याला मिळत नाही. उदगीरला स्वतःचे दुकान काढले तर तेथे वेगळी नोंदणी हवी, आणि आपलाच माल आपल्याच दुकानी नेणे हाही करपात्र व्यवहार.

राज्यघटनेचे ३०१ वे कलम देशभर व्यापाराचे स्वातंत्र्य देते. मग ही अडवणूक का? हा कर माल जेथे वापरला जातो त्या राज्याच्या वाट्याला जायचा असतो, आणि हिशेब नोंदणीवाचून जुळत नाही. कारण रास्त आहे. पण परराज्यात सेवा देणाऱ्याला मात्र सामान्यतः २० लाखांपर्यंत २०१७ सालीच मोकळीक मिळाली. हस्तकलेच्या काही वस्तूंनाही अशी सूट आहे. उदगीरला जाऊन कपाट दुरुस्त करणारा मोकळा आणि कपाट विकणारा बांधलेला, हा न्याय आम्हांस उमगत नाही. वस्तूंनाही तशीच मर्यादा ठरवून द्यावी, ही मागणी सीमाभागातील व्यापारी मंडळांनी आपापल्या राज्यामार्फत वस्तू व सेवा कर परिषदेपुढे न्यावी; दर आणि सवलतींच्या शिफारशी तेथेच होतात, आणि दोन्ही राज्यांचे मंत्री तेथे एकाच मेजाभोवती बसतात.