पेनिसिलिनचे वावडे आणि त्याची शहानिशा

केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने लिहिलेली ‘पेनिसिलिन चालत नाही’ ही नोंद पुष्कळदा बालपणीच्या कुठल्याशा पुरळावरून झालेली असते. ते पुरळ औषधाने उठले की त्या वेळी अंगात असलेल्या विषाणूने, याची चौकशी कोणी केलेली नसते, आणि तरीही तो दाखला रोग्याच्या मागे जन्मभर राहतो. पाश्चात्त्य रुग्णालयांत अशा लोकांची रीतसर तपासणी झाली, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जणांना पेनिसिलिन निर्धोकपणे देता येते असे आढळून आले. रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा धोक्यात आलेल्या मुलाला हेच इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. निराधार नोंदीपायी ते बंद पडावे, हे मला अक्षम्य वाटते.

भीतीला आधार मात्र आहे. १९०२ साली शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचले, तेव्हा पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेले जनावर काही आठवड्यांनंतरच्या अल्पशा मात्रेने थोड्याच वेळात गतप्राण झाले; या ‘ॲनाफिलॅक्सिस’च्या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलिनचा चिमुकला रेणू शरीरातील प्रथिनांना चिकटला की शरीर त्याला परका मानते, त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे घडवून मास्ट पेशींवर बसविते, आणि पुढल्या खेपेस औषध येताच त्या पेशींतून हिस्टामिन उसळून अंगभर गांधी उठतात, घसा सुजतो, दम कोंडतो, रक्तदाब कोसळतो.

शहानिशा करण्याची रीत साधी, पण काटेकोर आहे. हाताच्या आतल्या बाजूस औषधाच्या थेंबातून त्वचेला किंचित टोचतात; शेजारीच एक थेंब हिस्टामिनचा आणि एक मिठाच्या पाण्याचा असतो. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीने फोड मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा औषधाचा फोड निदान ३ मिलिमीटरने मोठा असेल तरच प्रतिक्रिया खरी, आणि हिस्टामिनचाही फोड उठला नाही, तर रोग्याने आधी घेतलेल्या सर्दीच्या गोळीने परीक्षा झाकली असे समजावे. पुढे त्वचेच्या आत सूक्ष्म मात्रा, आणि तीही निर्दोष ठरल्यास देखरेखीखाली प्रत्यक्ष औषध, असा क्रम आहे. ज्याची कातडी औषधाने सोलून निघाली होती, त्याला मात्र या परीक्षेच्या वाटेस नेऊ नये.

आपल्याकडील दवाखान्यांत इंजेक्शनपूर्वी घाईने दिला जाणारा ‘टेस्ट डोस’ म्हणजे ही परीक्षा नव्हे. त्याला तुलनेचा थेंब नसतो, आणि तो निर्दोष ठरला म्हणून धोका टळला असे मानणे घातक आहे. प्राण वाचविते ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत तत्काळ दिलेले ॲड्रेनलिन, प्रौढास अर्धा मिलिग्रॅम. गांधी शमविणारी औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तेव्हा सुई टोचण्यापूर्वी ॲड्रेनलिनची कुपी हाताशी असावी, आणि टोचल्यावर रोग्याला निदान अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवावे.