पडद्यावरचा रंग खरा किती?

श्रोतेहो, गडबहून पेण काही फार दूर नाही, आणि पेणच्या गणपतींविषयी तुम्हांला मी काय सांगावे? पूर्वी गिऱ्हाईक कारखान्यात येऊन मूर्ती पाहून जाई. आता पुष्कळ जण तिचा फोटो संगणकावर पाहून पसंती कळवतात. इथेच घोटाळा होतो. एका पडद्यावर पीतांबर हळदीसारखा पिवळा, तर दुसऱ्यावर तोच केशरी! रंगवलेली मूर्ती पुन्हा रंगवायची म्हणजे दिवस गेला, रंग गेला. आणि चतुर्थी काही कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा पडदा मापात कसा आणावा, हे पाहू.

संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे ठेवतो. प्रत्येक आकडा ० ते २५५. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. मग १२८ म्हणजे निम्मा उजेड, असेच कोणीही म्हणेल. पण तसे नव्हे बरे का! तिथे पडदा जेमतेम २२ टक्के उजेड देतो. अंधाऱ्या माजघरात एक दिवा लावला की खोली उजळते. दहा दिवे जळत असताना अकरावा लावला तर तो ध्यानातही येत नाही. आपल्या डोळ्याला अंधारातला फरक अधिक कळतो, म्हणून गडद छटांसाठी जास्त आकडे राखलेले असतात. आकडा आणि उजेड यांच्या या नात्याला ‘गॅमा’ म्हणतात, आणि त्याचे रूढ माप २.२ आहे. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ‘एसआरजीबी’ नावाचे रंगमाप मांडले. १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचा गॅमा साधारण एवढाच आहे. गॅमा वाढला की मधल्या छटा काळवंडतात, पीतांबराच्या चुण्या बुजतात. कमी झाला की मूर्ती धुऊन काढल्यासारखी दिसते.

पडदा अर्धा तास चालू ठेवा. खिडकीचा उजेड त्यावर पडू देऊ नका. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा. मग काळ्या जागेवर ५, १० व १५ आकड्यांचे चौकोन काढून ते जेमतेम वेगळे दिसतील इतका ब्राइटनेस ठेवा.

आता गॅमा. चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्या भागात एकाआड एक काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा काढा, प्रत्येक एकाच ठिपक्याची. शेजारी तिन्ही आकडे १८६ असलेला सपाट राखी रंग भरा. चित्र मूळ आकारातच पाहा, लहानमोठे करू नका. चार पावले मागे सरून डोळे किलकिले करा. दोन्ही भाग सारखे दिसले तर गॅमा २.२ च्या आसपास आहे. सपाट भाग काळपट दिसला तर गॅमा जास्त, उजळ दिसला तर कमी. त्याप्रमाणे मॉनिटरच्या मेनूत तो बदला. लॅपटॉप असेल तर अगदी समोर बसा. मान जरा वरखाली झाली तरी छटा बदलते.

पांढऱ्या रंगाच्या बाबतीत मात्र डोळ्यावर विसंबू नये. पिवळ्या बल्बखालचा कागदही त्याला थोड्या वेळाने पांढराच वाटू लागतो. म्हणून मेनूत ६५०० केल्व्हिन किंवा एसआरजीबी निवडावे. याहून नेमके काम हवे तर पडद्यावर टेकवून रंग मोजणारे यंत्र मिळते. ते एकट्याने घेण्यापेक्षा चार कारखानदारांनी किंवा दोन-तीन शाळांनी मिळून घ्यावे, असे मला वाटते. पडद्याचा उजेड वापराने मंदावतो, म्हणून ही तपासणी अधूनमधून पुन्हा करावी लागते.

फोटो काढताना मूर्तीशेजारी पांढरा कागद ठेवावा, म्हणजे फोटोतच रंग बिघडला असेल तर कळेल. आपला पडदा नीट झाला, तरी गिऱ्हाइकाचा मोबाईल काही आपल्या हाती नाही. म्हणून पीतांबराचा रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, त्यावर डब्याचा क्रमांक लिहून, तो टपालाने पाठवावा आणि होकार आल्यावरच कुंचला बुडवावा.