दंडाला पट्टी, श्वासाला मणी!

सरकारी योजना म्हटलं की फॉर्म, झेरॉक्स आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढंच आठवतं ना? पण गरिबाघरच्या लेकरांसाठी चाललेल्या कामात काही युक्त्या भन्नाट आहेत. बऱ्याचशा इथल्याच मातीतल्या.

1945 साली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात बालवाडी काढली. बऱ्या घरची मुलं आली, हरिजन वस्तीतली येईनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सगळं सामान घेऊन वस्तीतच गेल्या आणि तिथल्या अंगणात शाळा मांडली. आधी आंघोळ, वेणीफणी, नखं, मग गाणी-गोष्टी. पुढे कोसबाडला तर कुरणशाळाच निघाली. मुलं गुरांमागे, शाळा मुलांमागे!

अंगणवाडीची ही कल्पना दिल्लीपर्यंत पोचायला तीस वर्षं लागली. (त्या मानाने लवकरच.) 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत मेळघाटातलं धारणी होतं आणि मुंबईतली धारावीही.

अंगणवाडीतला खाऊ मोजूनमापून असतो. 2023 मध्ये निकष बदलेपर्यंत माप होतं: रोज 500 कॅलरी, 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलाला 800 कॅलरी.

आणि कुपोषण ओळखायचं कसं? दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. सहा महिने ते पाच वर्षं या काळात दंडाचा घेर फारसा बदलत नाही, त्यामुळे नेमकं वय ठाऊक नसलं तरी चालतं. जन्मतारीख ‘पोळ्याच्या आसपास’ असणाऱ्या गावांत हे फार सोयीचं.

सगळ्यांत लाडकी युक्ती मात्र गडचिरोलीची. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे मिनिटाला किती श्वास यावरून कळतं. पण साठपर्यंत मोजायचं कसं, तेही हातात घड्याळ नसलेल्या सुईणीने? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिच्या हाती एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले, सरकव एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की औषध सुरू! पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

म्हणूनच आज आशाताई बाळंतिणीकडे 42 दिवसांत सहा चकरा मारते. बाळंतपण घरीच झालं असेल तर सात.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. हे सगळं सांभाळणाऱ्या अंगणवाडीताईंना पगार नाही, मानधन मिळतं. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.