संधानपात्र ते कारखाना : जैव-उत्पादनाचे शासकीय धोरण आणि आपल्या फार्मसी

दि. 24 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायो-ई-3’ या नावाचे धोरण संमत केले. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिहींसाठी जैवतंत्रज्ञान, असा त्याचा आशय. यीस्ट, जीवाणू आणि एन्झाइम यांच्याकरवी रसायने, बायोपॉलिमर, प्रथिने, औषधे इत्यादी पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार व्हावेत, हा त्यामागील हेतू होय. वृत्तपत्रात ही वार्ता वाचून आपल्यापैकी अनेकांनी पान उलटले असेल. धोरणाने निवडलेल्या सहा क्षेत्रांत आयुर्वेदाचा नामोल्लेख नाही, हे खरे. तरीही हे पान उलटणे योग्य झाले नाही, असे आम्हास वाटते.

कारण हा उद्योग आपल्या घरचा आहे. आसव आणि अरिष्ट म्हणजे सूक्ष्म जीवांकरवी केलेली औषधनिर्मितीच. धायटीच्या फुलांबरोबर येणारे यीस्ट गुळातील शर्करेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि त्या मद्यार्कात वनस्पतींतील गुण उतरतात व टिकतात. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील दहाव्या अध्यायात, जेथे प्रमाण सांगितलेले नाही तेथे काय करावे याचा नियम आहे : एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप. द्रव दुप्पट केला की गूळही दुप्पट. प्रमाणाचा प्रश्न येथे सुटतो. मात्र पात्र मोठे केल्यावर उष्णतेचे काय होते, हा प्रश्न त्या काळी उद्भवण्याचे कारणच नव्हते.

आम्हास तो एका वैशाखात उद्भवला. दशमूलारिष्टाची 20 लिटरची चाचणी फाल्गुनात उत्तम उतरली होती. त्या भरवशावर आम्ही तेच प्रमाण 2500 लिटरच्या टाकीत भरले. आठव्या-नवव्या दिवशी बुडबुड्यांचा आवाज थांबला. पेटती काडी तोंडाशी धरली, ती विझली नाही. प्रक्षेपही तळाशी बसू लागला होता. सर्व लक्षणे जुळली म्हणून आमचे जुने कारागीर समाधानाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सिद्ध झालं.” परंतु नमुना काढताच आंबूस वास आला. अरिष्टाचे शुक्त झाले होते. संधान पूर्ण झाल्यावर काडी जळत राहते, तशीच ती संधान मध्येच बंद पडल्यावरही जळत राहते, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. संपूर्ण बॅच टाकून द्यावी लागली. त्या वर्षीचा आमचा नफा त्या टाकीतच गेला म्हणाना!

ऋतूचा दोष होताच; पण केवळ ऋतूचा नव्हे. शर्करेचे मद्यार्क होताना उष्णता निर्माण होते आणि ती पात्राच्या पृष्ठभागातून बाहेर पडते. त्याच आकाराचे पात्र लांबी, रुंदी व उंचीत पाचपट केले तर आतील द्रव 125 पट होतो, पृष्ठभाग मात्र 25 पटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे उष्णता जाण्याची वाट एक पंचमांश उरते. लहान बरणी आपोआप थंड राहते. मोठी टाकी आतून तापते, यीस्ट मंदावते, शर्करा तशीच उरते आणि आम्लता आणणाऱ्या जीवाणूंस रान मोकळे मिळते. जैव-उत्पादनाच्या प्रत्येक शाखेत अडचण हीच आहे : बरणीत साधते ते टाकीत साधेलच असे नाही.

या मधल्या टप्प्याचा खर्च मोठा आणि उत्पन्न शून्य. बँक त्यासाठी कर्ज देण्यास कचरते. म्हणूनच शासनाने येथे हात देणे आवश्यक ठरते. बायो-ई-3 मध्ये बायोफाउंड्री आणि जैव-उत्पादन केंद्रे उभारण्याचे जे कलम आहे त्याचे मर्म हेच. सप्टेंबर 2024 मध्ये संमत झालेल्या ‘बायो-राइड’ योजनेत जैव-उत्पादन व बायोफाउंड्री हा स्वतंत्र घटक घालण्यात आला. या संपूर्ण योजनेची तरतूद 9197 कोटी रुपयांची होती. पुण्याच्या प्राज कंपनीसारख्या मातबर उद्योगानेही जैवप्लास्टिकसाठी थेट कारखाना न काढता 2024 मध्ये जेजुरी येथे आधी प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या वाट्यास काय आले? आयुष मंत्रालयाच्या औषध गुणवत्ता व उत्पादन संवर्धन योजनेत 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी 122 कोटी रुपये होते. त्यांतून फार्मसी व प्रयोगशाळांचे बळकटीकरण, औषधसुरक्षा, नियामक यंत्रणा अशी अनेक कामे करावयाची. उपयुक्त योजना, यात वाद नाही. परंतु मधल्या टप्प्याची चाचणी हा तिचा विषय नव्हे. आम्ही स्वतः एका कार्यालयात विचारणा केली असता “यात नवीन संशोधन कोणते?” असे विचारण्यात आले, दुसऱ्या कार्यालयात “यंत्रांची कोटेशन आणा” असे सांगण्यात आले. आमच्यापाशी दोन्ही नव्हते. होती ती बिघडलेल्या टाकीची नोंदवही.

आमची मागणी मर्यादित आहे. थंड पाण्याचे आवरण, तापमापक आणि नमुना काढण्याची सोय असलेली 100 ते 500 लिटरची दोन-चार संधानपात्रे एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयात असावीत आणि लहान फार्मसीधारकांस ती माफक भाड्याने मिळावीत. धायटीस रजा देऊन शुद्ध यीस्ट घालावे, असे आमचे म्हणणे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 3(अ) नुसार आयुर्वेदीय औषध ग्रंथोक्त सूत्राप्रमाणेच व्हावे लागते, आणि ते तसेच व्हावे.

टाकी मोठी झाली म्हणजे बाजारही मिळतो, असे मात्र कोणी समजू नये. हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी यीस्टपासून आम्ल मिळवून त्यावर रासायनिक प्रक्रिया करणारे उत्पादन इटलीतील गारेसिओ येथे 2013 च्या सुमारास सुरू झाले. विज्ञान निर्दोष होते. परंतु शेतातील वनस्पतीपासून निघणारे आर्टेमिसिनिन त्याहून स्वस्त झाले आणि तो कारखाना पुढे विकला गेला. तेव्हा चाचणीपात्राबरोबर खर्चाचा हिशोबही मांडावा लागेल.

असा प्रस्ताव तयार करण्यास पुरावा हवा. ज्या व्यवसायबंधूंकडे आसव-अरिष्टांच्या बॅचच्या नोंदी असतील, पात्राचे आकारमान, महिना, रोजचे तापमान आणि शेवटी आलेली आम्लता, त्यांनी त्या संघटनेच्या कार्यालयाकडे अवश्य पाठवाव्यात. उत्तम उतरलेल्या बॅचच्या नोंदी तर हव्यातच. बिघडलेल्यांच्या अधिक हव्यात.