सुताराच्या हाताजवळचा दिवा

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या सुतारांना दिवस पुरेनासा होतो. तिफण, वखर, कोळपे, गाडीचे जू अशी दुरुस्तीची कामे पेरणीपूर्वीच्या थोड्या आठवड्यांत एकदम येऊन पडतात आणि ती दिवेलागणीनंतरही चालू राहतात. ट्रॅक्टरचा प्रसार झाल्यापासून लाकडी अवजारांचे काम पूर्वीइतके उरलेले नाही, हे खरे. परंतु त्याची जागा दारांच्या चौकटी, कपाटे, दिवाण आणि शाळांची बाके यांनी घेतली आहे. वखराच्या खोडात दोन सूत कमी-अधिक झाले तर शेतकरी निभावून नेतो. कपाटाच्या दारात तेवढाच फरक पडला तर ते दार लागत नाही. काम असे जितके नाजूक होत जाते, तितकी त्याला उजेडाची गरज अधिक भासते. म्हणूनच सुताराच्या कामाच्या जागी दिवा कोठे असावा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न त्याच्या मिळकतीशी आणि त्याच्या बोटांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.

बहुतेक लहान कार्यशाळांतील व्यवस्था एकाच साच्याची असते. पत्र्याखाली, खोलीच्या मधोमध, आठ-दहा फूट उंचीवर एक दिवा टांगलेला असतो. त्याने खोली दिसते, माणसे ओळखू येतात, ठेवलेले सामान सापडते. परंतु बाक बहुधा भिंतीला लागून असतो आणि सुतार त्याच्याकडे तोंड करून, म्हणजेच दिव्याकडे पाठ करून उभा राहतो. त्याचे डोके, खांदे आणि हात यांची सावली नेमकी त्या रेघेवर पडते, जिच्यावरून करवत चालवावयाची असते. अशा वेळी अधिक मोठा दिवा आणला जातो. त्यामुळे खोलीतील उजेड वाढतो खरा. पण सावली तेथेच राहते, किंबहुना अधिक गडद भासते. दोष दिव्याच्या शक्तीत नसून त्याच्या जागेत असतो.

अंतराचा हिशेब

प्रकाश मोजण्याचे एकक लक्स हे आहे. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर जेवढा पडतो, तो ढोबळमानाने एक लक्स समजावा. भर दुपारच्या उन्हात हे प्रमाण एक लाख लक्सच्या घरात जाते आणि मोकळ्या आकाशाखालील सावलीतही ते काही हजार लक्स असते. बारीक काम आले की जुना कारागीर बाहेरच्या ओट्यावर किंवा दारात येऊन का बसतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अंतर्गत प्रकाशयोजनेविषयीच्या २००२ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात सुतारी बाकावरील काम, चिकटकाम व जोडणी यांसाठी ३०० लक्स, लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ५०० लक्स, तर पॉलिश, रंगकाम व नक्षीदार कामासाठी ७५० लक्स प्रकाश सुचविण्यात आला होता.

आता दहा फुटांवर टांगलेल्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्याचा हिशेब पाहू. त्याचा थेट प्रकाश जमिनीवर पोचेपर्यंत साधारण दहा ते पंधरा लक्स एवढाच उरतो. याचे कारण असे की, लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, तर चौथाई होतो. तिप्पट झाले की नवमांश होतो. हाच नियम उलट बाजूनेही लागू पडतो. तोच दिवा कामापासून अडीच फुटांवर आणला, म्हणजे अंतर चौथाई केले, तर प्रकाश सोळा पट होतो. आतून पांढरी असलेली टोपी त्यावर बसविली की वर व बाजूला वाया जाणारा उजेडही खाली येतो आणि ३०० लक्सचा टप्पा गाठता येतो. दिवा तोच, वीजही तेवढीच. लांब नळीच्या दिव्याला हा नियम अगदी जवळच्या अंतरावर इतक्या काटेकोरपणे लागू पडत नाही. परंतु जवळ आणल्याचा लाभ त्यालाही होतोच.

विजेपूर्वीच्या काळातील कारागिरांना हे गणित माहीत नसले तरी त्याचा अनुभव होता. युरोपातील चर्मकार आणि लेस विणणाऱ्या स्त्रिया मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून तिचा उजेड नेमका कामावर एकवटीत असत. आपल्याकडील सोनारही दिवा हाताशी घेऊनच बसत आला आहे. सुताराचा दिवा तेवढा छताला जाऊन बसला, याचे कारण लाकडाची लांबी आणि हत्यारांचा झोक हे असावे.

ही अडचण खोटी नाही. खेड्यातील सुतार पुष्कळदा बाकावर काम करीतच नाही. तो जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबून धरतो आणि वाकसाने तासतो. छतावरचा दिवा त्याला बाकावरील कारागिरापेक्षाही दूर पडतो. आणि वाकसाची धार पायाच्या बोटांपासून काही इंचांवर चालत असते. अशा कामासाठी दिवा अगदी खाली आणला तर वाकस उगारताना तो आड येईल. तेव्हा तासण्याच्या जागी दिवा एका बाजूला पाच फुटांवर ठेवावा. दहा फुटांच्या तुलनेत तेथेही प्रकाश चौपट होतो. भोक पाडणे, पटाशी चालविणे, रेघा आखणे या कामांसाठी मात्र तो अडीच फुटांपर्यंत खाली घेता यावा. याचाच अर्थ असा की दिवा हलता हवा. जड बुडाच्या लाकडी खांबाला आडवा दांडा व खुंटी बसवून असा दिवा सुताराला स्वतःच तयार करता येतो. ते काम त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

दोन दिवे, दोन कामे

बाकावर काम करणाऱ्यासाठी एक स्थिर आणि एक हलता असे दोन दिवे असणे इष्ट होय. स्थिर दिवा म्हणजे चार फुटी नळी. ती बाकाच्या लांबीला समांतर, कारागिराच्या डोक्याच्या मागे नव्हे तर पुढे, बाकाच्या वर साडेतीन-चार फुटांवर लावावी. लांब नळीचा प्रकाश अनेक दिशांनी येत असल्याने हाताची सावली फिकी होते. हलता दिवा डाव्या हाताला आणि किंचित समोर असावा, म्हणजे उजव्या हातातील करवतीची सावली रेघेवर न पडता पलीकडे पडते. डावखुऱ्या कारागिराने अर्थातच बाजू बदलावी. बाजारात मिळणारे स्प्रिंगच्या हाताचे दिवे या कामास योग्य आहेत. हा स्प्रिंगचा तोल साधणारा हात जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्रज अभियंत्याने १९३२ साली पेटंट केला; मोटारींच्या स्प्रिंगांवर काम करताना त्याला ही कल्पना सुचली होती.

हलत्या दिव्याचा खरा उपयोग उजेड वाढविण्यात नसून त्याची दिशा बदलण्यात आहे. रंधा मारलेली फळी डोक्यावरच्या उजेडात सपाट दिसते. तोच दिवा फळीच्या पातळीपर्यंत खाली आणून उजेड तिरपा सोडला की रंध्याच्या पात्याच्या कडा, उखडलेले रेषे आणि राहून गेलेले उंचवटे लगेच सावली टाकू लागतात. शिसवीच्या किंवा बाभळीच्या गडद लाकडावर पेन्सिलीची रेघ दिसत नाही. चाकूने कोरलेली रेघ मात्र तिरप्या उजेडात स्पष्ट उठते. पटाशीची धार तपासतानाही हेच. बोथट धारेवर दिव्याची पांढरी, बारीक चकाकी दिसते. चांगली धार चकाकत नाही, कारण प्रकाश परतवून लावण्याइतकी रुंदीच तिला नसते.

दिव्याचे तोंड मात्र डोळ्यांत येता कामा नये. उघडा दिवा नजरेसमोर असला की बाहुली आकुंचित होते आणि समोर पुरेसा उजेड असूनही काम अंधुक वाटू लागते. टोपी खोल हवी ती याकरिता.

चाळिशी ओलांडलेल्या कारागिरांच्या बाबतीत या सर्वांचे महत्त्व अधिक आहे. वयाबरोबर डोळ्यातील भिंग कडक व पिवळसर होते, बाहुलीही लहान होते. साठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. ‘आता नजर राहिली नाही’ असे म्हणून हाताचे नाजूक काम सोडून देणाऱ्या कारागिराला कित्येकदा चष्म्याइतकीच जवळच्या दिव्याची गरज असते. त्याच्या हातातील कसब मात्र कायम असते.

भिंती, खिडकी आणि यंत्र

चुना दिलेल्या भिंतीवरून सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परत फिरतो, तर धुराने काळवंडलेल्या भिंतीवरून जेमतेम दशमांश. वर्षातून एकदा चुना देणे हा सर्वांत स्वस्त दिवा म्हटला पाहिजे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत जाड भिंती आणि थोड्या खिडक्या असत, त्या उन्हाळ्याच्या तापापासून बचाव व्हावा म्हणून. उजेडाचे काम छतातील सवणे करी. नवी कार्यशाळा बांधताना खिडकी उत्तरेकडे ठेवणे उत्तम. परभणी १९ अंशांहून थोड्या अधिक उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला तर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडेच असतो, आणि त्या काळातही तो जवळजवळ डोक्यावर असल्याने वळचणीमुळे ऊन आत येत नाही. उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळची तिरीप वगळता उत्तरेचा उजेड दिवसभर सौम्य व एकसारखा मिळतो.

विजेवर चालणारी गोल करवत किंवा रंधायंत्र बसविलेल्या जागी आणखी एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडील वीजप्रवाहामुळे जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. हलक्या प्रतीचे काही एलईडी दिवेही तसेच असतात. डोळ्यांना हे जाणवत नाही. परंतु फिरणाऱ्या पात्याचा वेग या लुकलुकीशी जुळला तर पाते थांबल्यासारखे किंवा अगदी सावकाश फिरत असल्यासारखे दिसते. मग फळी सारण्यासाठी हात पुढे जातो. परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली एक काडी वेगाने हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला, वेगवेगळ्या अनेक काड्या दिसल्या तर तो यंत्राजवळ लावू नये. वीज एकाएकी गेल्यावरही पाते काही वेळ फिरतच राहते, आणि ते अंधारात. यंत्राजवळ बॅटरीवर आपोआप लागणारा एक छोटा दिवा असावा.

भुसा व ढलप्या लवकर पेट घेतात. स्पिरिटमधील लाखेच्या पॉलिशची वाफ त्याहून लवकर. तापणारे हॅलोजन दिवे येथे वर्ज्य समजावेत. वायर ढलप्यांखालून नेऊ नये, धातूच्या दांड्याच्या दिव्याला अर्थिंग असावे आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण, ज्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात, ते बसवून घ्यावे.

खर्च आणि साहाय्य

वीस वॅटची एक नळी रोज सहा तास याप्रमाणे महिन्याचे पंचवीस दिवस वापरली तर तीन युनिट वीज लागते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी दिव्यांच्या किमती पुष्कळच उतरल्या. एखादी फळी चुकीची कापली जाऊन वाया गेली तर होणारे नुकसान या खर्चाहून अधिक भरते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १७ व्या कलमाने कामाच्या जागी पुरेसा व योग्य प्रकाश असण्याचे, तसेच दिपवणारा झोत व सावल्या टाळण्याचे बंधन घातले होते. परंतु दोन-चार माणसांची सुतारकामाची जागा त्या अधिनियमाच्या व्याख्येत सहसा बसतच नव्हती. तेथे तपासणीला कोणी येत नसे. म्हणून ग्रामपंचायतीने यात लक्ष घालणे उपयुक्त ठरेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. पात्र कारागिराला प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद या योजनेत आहे. यंत्र घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या कारागिराने त्याच अंदाजपत्रकात दिव्यांची व अर्थिंगची रक्कम धरावी, एवढे सरपंचांनी सुचविले तरी पुष्कळ होईल. यंत्राच्या किमतीपुढे ती रक्कम फार मोठी नसते. पण अगोदर धरली नाही तर मागाहून ती सहसा खर्च होत नाही.

शिक्षकांनाही येथे करण्याजोगे काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे काम पाहावे, असे सुचविले असून त्यात सुतारकामाचा स्पष्ट उल्लेख आहे. गावच्या सुताराकडे जाताना विद्यार्थ्यांनी मोबाइलवरील प्रकाशमापक सोबत न्यावा. त्याचे आकडे अचूक नसले तरी तुलनेस पुरतात. दहा फुटांवरील दिवा, पाच फुटांवर आणलेला तोच दिवा, अडीच फुटांवरचा, मग टोपी घातलेला, अशी मोजणी त्यांनी स्वतः करावी व वहीत मांडावी. शेवटी दिवा बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावा आणि त्याच जागी पुन्हा मोजावे. भुशाच्या पातळ थराने किती उजेड अडवून धरला होता, तो आकडा सुतारालाही दाखवावा.