नाझरेथमध्ये रविवारी सुट्टी, ऑफिसला मात्र कामाचा दिवस! इस्रायलमधली ख्रिस्ती कुटुंबं कशी जगतात?

येशूचं बालपण ज्या नाझरेथमध्ये गेलं, ते शहर आज इस्रायलमध्ये आहे. तिथे आजही हजारो ख्रिस्ती कुटुंबं राहतात. पण ज्यू बहुसंख्य असलेल्या देशात त्यांचं रोजचं आयुष्य कसं असतं? समजून घेऊया.

हे ख्रिस्ती नेमके कोण?

इस्रायलमध्ये सुमारे 1 लाख 80 हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम 2 टक्के. त्यातले बहुतेक जण अरब आहेत. ते घरात अरबी बोलतात, नोकरीच्या ठिकाणी हिब्रू. प्रार्थनाही अरबीतच, त्यामुळे देवाला ते ‘अल्ला’च म्हणतात. हा शब्द फक्त मुस्लिमांचा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात अरबी भाषेत देवासाठी तोच शब्द आहे.

बाकीच्यांमध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर ज्यू नातेवाइकांसोबत आलेली कुटुंबं आहेत. शिवाय इस्रायलचे नागरिक नसलेले, कामासाठी आलेले परदेशीही आहेत. वृद्धांची सेवा करणाऱ्या भारतीय केअरगिव्हर्समध्ये केरळ, मंगळूर, गोव्याकडचे अनेक ख्रिस्ती आहेत.

रविवारचं गणित

इस्रायलमध्ये शुक्रवार-शनिवार वीकेंड असतो आणि रविवारी आठवडा सुरू होतो. 1951 च्या कायद्यानुसार ज्यू नसलेल्या कर्मचाऱ्याला शुक्रवार, शनिवार किंवा रविवार यातला एक दिवस साप्ताहिक सुट्टीसाठी निवडता येतो. पण अख्खं ऑफिस शनिवारी बंद असेल, तर व्यवहारात रविवारी कामावर जावंच लागतं. म्हणून नाझरेथच्या ख्रिस्ती शाळेत मुलांना रविवारी सुट्टी आणि आईवडील ड्युटीवर, असं चित्र दिसतं. अनेक जण मिस्सेला शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी जातात.

नाताळही राष्ट्रीय सुट्टी नाही. शिवाय तारखा वेगवेगळ्या: कॅथलिकांचा नाताळ 25 डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा 7 जानेवारीला. एकाच घरात दोन पंथांची माणसं असतात, त्यामुळे गॅलिलीतल्या अनेक गावांनी यावर तोडगा काढला आहे. तिथले कॅथलिकही ईस्टर ऑर्थोडॉक्स तारखेला, सगळ्यांसोबत साजरा करतात.

लग्न म्हणजे चर्चच

इस्रायलमध्ये आपल्यासारखं रजिस्टर लग्न नाही. लग्न धार्मिक संस्थेतूनच होतं. सरकारने 10 ख्रिस्ती पंथांना मान्यता दिली आहे आणि लग्न-घटस्फोटाचे निर्णय चर्चची न्यायालयं देतात. कॅथलिक चर्चमध्ये घटस्फोट नसल्याने काही जण त्यासाठी पंथ बदलतात. दोघांचे धर्म वेगळे असतील, तर अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात. परतल्यावर त्याची सरकारी नोंद होते.

शाळांचं दुखणं

ख्रिस्ती शाळांचे निकाल उत्तम लागतात आणि त्यात मुस्लीम मुलंही मोठ्या संख्येने शिकतात. पण सरकार खर्चाचा काही भागच देतं, उरलेला फीमधून येतो. अनुदान कमी झाल्याने सप्टेंबर 2015 मध्ये 47 शाळांनी संप केला. सुमारे 33 हजार मुलं जवळपास महिनाभर घरी बसली. शेवटी सरकारने 5 कोटी शेकेल देण्याचं मान्य केलं, तेव्हा वर्ग भरले.

सुरक्षित की असुरक्षित?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. मतदान, सरकारी नोकरी, उच्च शिक्षण यांचा हक्क त्यांना आहे. त्याच वेळी जेरुसलेमच्या जुन्या शहरात पाद्री आणि नन यांच्यावर कट्टर ज्यू तरुण थुंकल्याच्या घटना अलीकडे घडल्या आहेत. अरब म्हणून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारीही आहेत. शिकलेली तरुण मुलं परदेशी गेली की चर्चमधली बाकं रिकामी होतात, ही घरातल्या मोठ्यांची काळजी आहे.

फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा

‘इस्रायलमधले ख्रिस्ती’ म्हणून फिरणारे अनेक व्हिडिओ बेथलेहेमचे असतात. बेथलेहेम वेस्ट बँकमध्ये आहे, तिथला कारभार पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आहे. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबाला जेरुसलेमच्या चर्चमध्ये जायलाही इस्रायलचा परवाना लागतो. नाझरेथचं कुटुंब मात्र इस्रायली नागरिक असल्याने गाडी काढून थेट जाऊ शकतं. दोघांचा धर्म एक, भाषा एक, कागदपत्रं वेगळी. त्यामुळे व्हिडिओ कुठल्या गावाचा आहे, हे आधी तपासा.